परदेशात स्थिरावताना छोटा व्यवसाय: कोकणातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या जिल्ह्यांतून आखातात, इंग्लंडमध्ये किंवा कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे गेलेल्या आणि तेथे काही काळाने स्वतःचा छोटा धंदा उभा करू पाहणाऱ्या मंडळींचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न भांडवलाचा असतो. उत्तर मात्र व्हिसापासून सुरू करावे लागते, म्हणून येथील क्रमही तसाच ठेवला आहे. नियम आणि शुल्के बदलत असतात, तेव्हा कोणतीही रक्कम भरण्यापूर्वी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरील ताजी माहिती पाहून घ्यावी.

नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असताना जोडीला धंदा करता येतो का?

हे देशावर आणि व्हिसाच्या प्रकारावर अवलंबून आहे, आणि या एका प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत बाकी सर्व बेत बाजूला ठेवावेत. इंग्लंडमध्ये स्टुडंट व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्याला स्वतःचा धंदा करता येत नाही. सुट्टीच्या दिवशी चार ओळखीच्या घरी पैसे घेऊन डबे पोहोचवणे हेही त्यात मोडते. शिक्षण पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर मात्र स्वयंरोजगाराला परवानगी आहे. स्किल्ड वर्कर व्हिसावरील व्यक्तीला ठरावीक मर्यादेत दुसरी नोकरी करता येते, पण स्वतःचा धंदा त्यात बसतो असे गृहीत धरू नये. अमेरिकेत एच-वन-बी, म्हणजे कुशल नोकरीच्या, व्हिसावरील व्यक्ती एखाद्या कंपनीत भागधारक असू शकते. परंतु त्या कंपनीचे प्रत्यक्ष काम तिने करणे हे परवानगीविना केलेले काम ठरते. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्याला व्यवसाय क्रमांक, म्हणजे एबीएन, काढता येतो आणि तो विनामूल्य असतो. पण अभ्यासक्रम चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची कामाची मर्यादा त्यालाही लागू राहते.

संयुक्त अरब अमिरातीत आपला निवासी परवाना मालकाशी बांधलेला असतो. तेथे स्वतःच्या नावे ट्रेड लायसन्स, म्हणजे धंद्याचा परवाना, काढायचे असल्यास मालकाची लेखी ना-हरकत घेऊन ठेवावी आणि नोकरीच्या करारात स्पर्धक व्यवसायाविषयीची अट आहे का, हे वाचावे. तोंडी होकार पुरेसा मानू नये, कारण होकार देणारा व्यवस्थापक उद्या बदलला तर आपल्या हाती काहीच उरत नाही.

एजंट ‘आझाद व्हिसा’ देतो म्हणतो. त्यावर वाटेल तो धंदा करता येईल का?

नाही. असा कोणताही व्हिसा कोणत्याही आखाती देशाच्या कायद्यात अस्तित्वात नाही. प्रत्यक्षात घडते ते असे की एखादा कफील, म्हणजे स्थानिक प्रायोजक, पैसे घेऊन आपल्या नावाने व्हिसा काढतो, कागदोपत्री आपण त्याचे कामगार असतो, आणि तो आपल्याला बाहेर कुठेही काम करण्यास मोकळे सोडतो. तपासणीत सापडल्यास दंड, अटक आणि हद्दपारी आपल्या वाट्याला येते. शिवाय दरवर्षी अकामा, म्हणजे निवासी परवाना, नव्याने काढण्याच्या वेळी कफील मागेल ती रक्कम द्यावी लागते. खेड, चिपळूण, दापोली, म्हसळा या भागांत आखाताशी तीन-तीन पिढ्यांचे नाते असलेली घरे आहेत, आणि तेथील जुन्या लोकांना हे सारे ठाऊक असते. एजंटाला विचारण्याआधी त्यांना विचारावे.

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सामान्यतः ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीपूर्वी सरकारी तपासणी आवश्यक अशी, नोंद असते आणि आखातातील देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना सरकारच्या ई-मायग्रेट या ऑनलाइन प्रणालीतून परवानगी घ्यावी लागते. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हेही याच प्रणालीच्या संकेतस्थळावर तपासता येते. व्हिजिट व्हिसावर जाऊन ‘मग बघू’ म्हणणाऱ्यांना हे संरक्षण मिळत नाही.

आखातात स्थानिक भागीदार घ्यावाच लागतो का?

अमिरातीत पूर्वी मुख्य भूमीवरील, म्हणजे खास व्यापारी क्षेत्रांबाहेरील, कंपनीत ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाचा असणे बंधनकारक होते. १ जून २०२१ पासून बहुतेक व्यापारी व औद्योगिक कामांसाठी ही अट काढून टाकण्यात आली. ओमाननेही २०२० पासून बहुतांश क्षेत्रे पूर्ण परकीय मालकीसाठी खुली केली. कुवेतमध्ये मात्र सर्वसाधारणपणे स्थानिकाचा बहुमताचा हिस्सा लागतो. गावातील काका ‘अर्ध्याहून जास्त धंदा अरबाच्या नावावर करावाच लागतो’ असे सांगतात तेव्हा ते त्यांच्या काळातील खरा अनुभव सांगत असतात. पण दुबईपुरता तो आता जुना झाला आहे.

फ्री झोनमध्ये, म्हणजे वेगळे नियम असलेल्या खास व्यापारी क्षेत्रांत, परकीय मालकीची मुभा कितीतरी आधीपासून आहे. जबल अलीचा फ्री झोन १९८५ सालचा आहे. तेथील परवाना तुलनेने सोपा आणि स्वस्त पडत असल्याने जाहिराती त्याच्याच अधिक दिसतात. मात्र फ्री झोनच्या परवान्यावर शहरात किरकोळ विक्रीचे दुकान सामान्यतः थाटता येत नाही. ऑनलाइन सल्ला देणाऱ्याला किंवा संगणकाचे काम करणाऱ्याला तो उपयोगी आहे. किराणा, शिवणकाम किंवा खाणावळ काढणाऱ्याला तो घेऊन पस्तावण्याची वेळ येते.

गाववाल्याबरोबर भागीदारी करावी का?

करावी, पण स्टॅम्पपेपरवर करावी. परक्या देशात गावचा माणूस भेटल्यावर कागदाचा विषय काढणे अवघड वाटते, ‘आपल्याच माणसावर अविश्वास’ असे कोणी म्हणेल अशी भीती असते, आणि म्हणूनच कोकणी मंडळींच्या परदेशातील भागीदाऱ्या बहुधा शब्दावर चालतात. अशी भागीदारी मोडते ती सहसा फसवणुकीमुळे नव्हे. एकाने पैसे घातलेले असतात, दुसऱ्याने दिवसाचे चौदा तास दुकानात घालवलेले असतात, आणि नफा आल्यावर कोणाचे मोल किती हे ठरलेलेच नसते. भांडवल कोणाचे किती, दुकानात बसणाऱ्याला नफ्याच्या वाट्याखेरीज पगार मिळणार की नाही, एकाने गणपतीला किंवा शिमग्याला महिनाभर गावी जायचे ठरवले तर त्या काळाचे काय, आणि एकाला बाहेर पडायचे असेल तर त्याचा हिस्सा कोणत्या हिशेबाने मोजायचा, एवढे मुद्दे तरी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. परवाना एकाच्याच नावावर असेल तर दुसऱ्याचे नाव करारात येणे अधिकच आवश्यक आहे, कारण सरकारी दप्तराच्या दृष्टीने मालक परवानाधारकच असतो.

भिशीतून भांडवल उभारण्याविषयीही हेच म्हणता येईल. एखादा सभासद नोकरी गेल्याने एका रात्रीत मायदेशी परतला तर उरलेल्यांकडे दाद मागण्यासाठी कोणताही कागद नसतो.

कोणता धंदा निवडावा?

येथे एक मत स्पष्टपणे मांडतो: केवळ आपल्या लोकांना विकता येईल असा धंदा पहिल्या वर्षी तगतो आणि तिसऱ्या वर्षी अडखळतो. एखाद्या शहरातील मराठी कुटुंबे गणपती-दिवाळीत मोदक, करंज्या आणि चिवडा आनंदाने विकत घेतात, पण फेब्रुवारीत त्यांचे स्वयंपाकघर त्यांना पुरते. ज्यांचे दुकान टिकते त्यांचा गिऱ्हाईक बहुधा मिश्र असतो. केपटाऊनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान कुटुंबे जाऊन वसली. त्यांतील अनेकांनी छोटी किराणा दुकाने चालवली आणि ती शेजारपाजारच्या सर्व समाजांच्या गिऱ्हाइकीवर चालली.

वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती, शिवणकाम, गाड्यांची देखभाल, हिशेबनिशी, शिकवण्या यांसारखे हातातील कसबाचे धंदे कमी भांडवलात सुरू होतात आणि माल पडून राहण्याची भीती नसते. गावी असताना जे काम पैसे घेऊन केलेले आहे तेच तेथे करावे. खाणावळ काढण्याची हौस अनेकांना असते; ज्याने कधी खाणावळीत काम केलेले नाही त्याने आधी वर्षभर दुसऱ्याच्या खाणावळीत काम करावे, अर्थात त्याच्या व्हिसाला ते चालत असेल तर.

घरच्या स्वयंपाकघरातून डबे किंवा फराळ विकता येतो का?

इंग्लंडमध्ये येतो. विक्री सुरू होण्याच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे अन्नव्यवसाय म्हणून नोंदणी करावी लागते. तिला शुल्क नाही आणि ती नाकारली जात नाही. नंतर कौन्सिलचा अधिकारी स्वयंपाकघर पाहायला येतो. घर भाड्याचे असल्यास घरमालकाची परवानगी आणि विम्याच्या अटी आधी पाहाव्यात.

खरी काळजी घ्यावी लागते ती ॲलर्जीच्या माहितीची. तेथील कायद्याने १४ घटक ठरवून दिले आहेत आणि ते पदार्थात असल्यास गिऱ्हाइकाला सांगणे बंधनकारक आहे. मालवणी-कोकणी स्वयंपाकात त्यांतील कितीतरी सहज येतात: उसळीतला काजू, चटणीतले तीळ, फोडणीतली मोहरी, कोळंबी, तिसऱ्या, मासे, गव्हाचे पीठ, दूध. फोडणीतली मोहरी सांगायची राहून जाते, कारण आपल्याला ती घटक वाटतच नाही. नारळ मात्र त्या १४ घटकांत मोडत नाही. असे असले तरी नारळाची ॲलर्जी असलेली माणसे असतात, आणि आपल्या वाटपाचा आधारच नारळ असल्याने तो लिहिणेच योग्य. हिंगाच्या डबीवरील घटक वाचावेत, कारण बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते.

दुबईसारख्या ठिकाणी परवान्याविना घरून अन्न विकणे हा दंडनीय प्रकार आहे. इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘उद्या वडे-सागोती, ऑर्डर घेणे चालू आहे’ असा संदेश टाकणे ही जाहिरातच धरली जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

गावाहून हापूस, कोकम, काजू मागवून विकता येतील का?

येतील, पण बॅगेतून नव्हे. पाहुण्यांबरोबर आलेल्या चार पेट्या विकणे हा आयात कायद्याचा भंग आहे. भारतातून माल पाठवणाऱ्याकडे विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड लागतो. तो ऑनलाइन मिळतो, त्याचे शुल्क ५०० रुपये आहे आणि तो पॅन क्रमांकाशी जोडलेला असतो. अनेक घरांत हा कोड गावातील भावाच्या किंवा वडिलांच्या नावे काढला जातो, आणि ते योग्यही आहे, फक्त मग विक्रीची रक्कमही त्यांच्याच खात्यात बँकेमार्फत आली पाहिजे. शेतमाल व प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि तयार पदार्थ बनवणाऱ्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना असावा लागतो.

ताज्या आंब्याचे गणित वेगळे आहे. फळमाशी आढळल्यामुळे युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्यावर बंदी घातली आणि ती २०१५ च्या आरंभी उठवली. तेव्हा इंग्लंडही संघात असल्याने लंडनच्या बाजारातला हापूसचा एक हंगाम त्या बंदीने बुडाला. तेव्हापासून युरोपीय संघाच्या बाजारासाठी उष्णजल प्रक्रियेसारखे उपचार आणि फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचे, प्रमाणपत्र हा नेहमीचा भाग झाला आहे. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला दार उघडले ते विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. एप्रिल-मे हा जेमतेम दोन महिन्यांचा हंगाम, विमानाचे भाडे आणि पिकण्याचा नेम चुकला तर संपूर्ण माल वाया, हे पाहता नवख्याने आंब्याचा रस, आंबापोळी, आगळ, आमसुले, काजूगर अशा टिकाऊ मालापासून सुरुवात करावी.

‘हापूस’ हे नाव वाटेल त्या आंब्याला लावता येत नाही. २०१८ मध्ये मिळालेले हापूसचे भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरते आहे. ज्या बागायतदाराकडून आपण माल घेतो तो या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला आहे का, हे विचारावे. कर्नाटकी आंबा देवगडच्या पेटीत भरण्याचा प्रकार परदेशात अधिक सहज खपतो असा समज आहे. पण तेथे बसलेला गिऱ्हाईक बहुधा देवगड-रत्नागिरीकडचाच असतो आणि त्याला वासावरून कळते.

स्वतःच्या घरासाठी बॅगेतून काय नेता येते?

व्यवसायाचा प्रश्न नसला तरी हा सतत विचारला जातो. इंग्लंडमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि खव्याच्या वड्या वगळाव्यात. ताज्या आंब्याचा त्या वेळचा नियम निघण्यापूर्वी तपासावा. ऑस्ट्रेलियात प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करावा, मग तो कुळथाचे पीठ असो किंवा सुके बांगडे. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतला जातो, लपवलेल्या पदार्थासाठी मोठा दंड होतो.

अमिरात आणि सौदी अरेबियात खसखस हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी असलेला जिन्नस आहे. दिवाळीचे अनारसे खसखशीवर थापलेले असतात आणि अनेक घरच्या मालवणी मसाल्यांत खसखस भाजून घातलेली असते. आईने प्रेमाने बांधून दिलेल्या पुडीत काय आहे हे विमानात बसण्यापूर्वी नीट विचारून घ्यावे.

भांडवल गावाहून न्यायचे असेल तर?

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत बाहेर पाठवता येते. आपण स्वतः परदेशी नोकरीसाठी गेल्यावर भारतातील साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीच्या भारतातील पैशांसाठीच्या, खात्यात बदलून घ्यावे लागते. परदेशातील कमाई एनआरई, म्हणजे बाहेरून आणलेल्या पैशांसाठीच्या अनिवासी, खात्यात ठेवली तर ती कधीही विनाअडथळा परत नेता येते, आणि एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, कर भरल्याच्या कागदांसह. छोट्या धंद्याला या मर्यादा कधी अडत नाहीत. अडते ते हुंडीमुळे, म्हणजे बँकेबाहेर मध्यस्थामार्फत पैसे पाठवण्यामुळे. दर थोडा बरा मिळतो म्हणून हुंडीने पैसे फिरवणे हा परकीय चलन कायद्याचा भंग आहे, आणि पुढे धंद्यासाठी बँकेचे कर्ज मागताना भांडवल कोठून आले याचे उत्तर देता येत नाही.

गावची जमीन गहाण ठेवण्याचा विचार कागदावर सोपा दिसतो. कोकणातील सातबारावर आजोबांच्या भावंडांपासूनची नावे असतात, वारसनोंदी अपुऱ्या असतात, आणि सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय बँक पुढे जात नाही. ज्यांना हे भांडवल खरोखर लागणार आहे त्यांनी परदेशी जाण्यापूर्वी तलाठ्याकडील नोंदी पूर्ण करून घ्याव्यात.

बाबा कलमांची बाग आताच माझ्या नावावर करतो म्हणतात. करून घ्यावी का?

अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र ती मिळू शकते. म्हणजे वडिलांनी हयातीत बक्षीसपत्र करणे अडचणीचे ठरते आणि मृत्युपत्र करून ठेवणे योग्य ठरते. आपल्या धंद्याचा माल याच बागेतून येणार असेल तर वकिलाचा सल्ला घेऊनच पुढे जावे.

कर कोठे भरायचा?

अमिरातीत ५ टक्के व्हॅट २०१८ पासून आहे आणि वर्षाची उलाढाल ३,७५,००० दिरहॅमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची होते. जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी कंपन्यांच्या ३,७५,००० दिरहॅमवरील नफ्यावर ९ टक्के कर आला. नफा शून्य असला तरी कंपनीची कर-नोंदणी करावी लागते, आणि ‘दुबईत कर नाही’ या जुन्या समजुतीने ती न केलेल्या छोट्या मालकांना दंड बसले आहेत. इंग्लंडमध्ये स्वयंरोजगाराची वार्षिक उलाढाल १,००० पौंडांच्या वर गेली की सेल्फ असेसमेंटसाठी, म्हणजे स्वतः उत्पन्नाचे विवरण देऊन कर भरण्यासाठी, नोंदणी करावी लागते. तेथील करवर्ष ५ एप्रिलला संपते आणि नोंदणीची मुदत त्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत असते. व्हॅटची मर्यादा ९०,००० पौंड असल्याने डबेवाल्यांना तिची चिंता नसते. कॅनडात हीच मर्यादा ३०,००० डॉलर आणि ऑस्ट्रेलियात ७५,००० डॉलर आहे.

भारतातील भाडे, व्याज किंवा दुकानाचे उत्पन्न भारतातच करपात्र राहते. भारतातून १५ लाख रुपयांहून अधिक उत्पन्न असलेला आणि इतर कोणत्याही देशात करास पात्र नसलेला भारतीय नागरिक आपल्या आयकर कायद्यानुसार निवासी मानला जाऊ शकतो, हे आखातातील मोठ्या बागायतदार घरांनी ध्यानात ठेवावे.

धंद्याची नोंदणी पत्नीच्या किंवा पतीच्या नावावर करता येईल का?

पुष्कळदा तोच कायदेशीर मार्ग असतो. इंग्लंडमध्ये स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला स्वयंरोजगाराची मुभा असते. अमेरिकेत एच-फोर व्हिसावरील, म्हणजे एच-वन-बीधारकांच्या, काही जोडीदारांना कामाचे परवानापत्र मिळते आणि त्यावर व्यवसाय करता येतो. मात्र नाव तिचे आणि दुकानात दिवसभर उभा तो, असे झाले तर नियम मोडलाच जातो.

कागदपत्रांची कोणती तयारी गावातूनच करून जावी?

शिक्षणाची व विवाहाची प्रमाणपत्रे राज्य शासन आणि परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून न्यावीत. अपोस्टिल म्हणजे सदस्य देशांत कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का; भारत २००५ पासून त्या कराराचा सदस्य असल्याने इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियासाठी अपोस्टिल पुरते. अमिरातीसाठी मात्र त्यांच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, पासपोर्टवर दुसरे आणि आधारवर तिसरे अशी स्थिती आपल्याकडे सर्रास आढळते. पासपोर्टवर आडनाव नसून एकच शब्द असेल तर अमिरातीच्या व्हिजिट व्हिसाला २०२२ पासून अडचण येते. हे सर्व रत्नागिरी-कुडाळात बसून दुरुस्त करणे परदेशातून दुरुस्त करण्यापेक्षा फार स्वस्त पडते.

दुकानाच्या भाड्यासाठी पुढील तारखांचे धनादेश मागतात. द्यावेत का?

अमिरातीत ती रूढ पद्धत आहे, त्यामुळे टाळता येत नाही. खात्यात पैसे नसल्याने धनादेश न वटणे हा जानेवारी २०२२ पासून सर्वसाधारणपणे फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. परंतु घरमालक थेट वसुलीच्या न्यायालयात जाऊ शकतो आणि वसुलीच्या कारवाईत देश सोडण्यावर बंदी येऊ शकते. वर्षाचे भाडे शक्य तितक्या अधिक हप्त्यांत विभागून मागावे, आणि पहिल्या वर्षी विक्रीच्या भरवशावर नव्हे तर हातातील शिलकीच्या भरवशावर धनादेश लिहावेत.

धंदा चालला नाही आणि परत यायचे ठरले तर?

आधी परवाना रद्द करावा, मग व्हिसा. कुलूप लावून विमानात बसलेल्या माणसाचा परवाना कागदावर जिवंत राहतो, त्यावर दंड चढत जातो, आणि पुन्हा त्या देशात शिरताना तो समोर येतो. कामावर ठेवलेल्या लोकांची देणी, वीज-पाण्याची अनामत, कराची नोंदणी रद्द झाल्याचे पत्र आणि बँकेचे खाते बंद झाल्याचे पत्र हे सर्व हाती आल्यावरच निवासी परवाना सोडावा. भारतात परतल्यावर एनआरई खात्याचे रूपांतर करावे. उरलेले परकीय चलन आरएफसी, म्हणजे निवासी व्यक्तीच्या परकीय चलन, खात्यात तसेच ठेवता येते. अनेक वर्षे बाहेर राहून आलेल्यांना काही काळ ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशातील उत्पन्नावर येथे सामान्यतः कर लागत नाही. मात्र तिकडचे दुकान भावाच्या हाती देऊन त्याचा कारभार आपण चिपळुणात बसून चालवत असाल तर ही सवलत त्या उत्पन्नाला मिळत नाही, म्हणून दुकान विकायचे की चालू ठेवायचे हा निर्णय परतीचे तिकीट काढण्यापूर्वी करसल्लागाराबरोबर बसून घ्यावा.